झबली-टोपडी शिवून तयार. गिऱ्हाईक कोठे शोधावे?

आमच्या परिचयातील एका घरी आम्ही गेलो असता तेथील नणंद-भावजयीने कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढून आमच्यापुढे ठेवली. पेटीत तान्ह्या बाळांची झबली, टोपडी, कुंच्या आणि दुपटी घड्या घालून ठेवलेली होती. शिलाई सुबक, कशिदा नाजूक, कापडही मऊ. हा माल एका दुकानातून चार महिन्यांनी परत आलेला होता. पाच डझन नग दिले होते. "विकले की पैसे देतो," एवढ्या तोंडी बोलण्यावर दुकानदाराने ते ठेवून घेतले. पावती नाही, भाव कागदावर नाही. चार महिन्यांनी पंधरा नगांचे पैसे हाती आले आणि उरलेले पंचेचाळीस नग हाताळून मळलेल्या स्थितीत परत मिळाले. कापडासाठी उसने घेतलेले पैसे अजून फिटलेले नव्हते. "आता शिवत राहावे की यंत्र विकून टाकावे?" असा त्या दोघींचा प्रश्न होता.

हा प्रश्न एका घरचा नाही. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर अशा कितीतरी ठिकाणी मोहल्ल्यांतील भगिनी घरकाम सांभाळून शिलाई करतात. बाळाचे कपडे शिवायला कापड थोडे लागते, यंत्र साधे चालते आणि जागाही जास्त लागत नाही. म्हणून पुष्कळ जणी याच कामाने सुरुवात करतात. हातात कसब असते. अडते ते विक्रीपाशी.

त्या पेटीतील मालात आम्हाला दोष दिसला नाही. क्रम मात्र चुकला होता. आधी माल शिवला, मग दुकान शोधले आणि भाव दुकानदारावर सोडला. आमचे म्हणणे असे की, आपल्या मजुरीसह घाऊक भाव कागदावर मांडल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या शोधात बाहेर पडू नये. हा भाव एकदा पक्का झाला की कोणत्या दुकानात जायचे, कोणते टाळायचे आणि कोणता माल शिवायचाच नाही, हे आपोआप ठरत जाते.

स्पर्धा कोणाशी आहे?

बाजारात बाळांचे जे स्वस्त कपडे दिसतात त्यांतील होजिअरीचा बराच माल तमिळनाडूतील तिरुपूरहून येतो. शिवलेल्या कपड्यांसाठी कोलकात्याचा मेटियाबुर्ज भाग प्रसिद्ध आहे. अवधचे नवाब वाजिद अली शाह यांना राज्य गेल्यावर १८५६ मध्ये कोलकात्यास यावे लागले आणि त्यांच्यामागे आलेल्यांची वस्ती मेटियाबुर्जला झाली. पुढे हा भाग दर्जी कारागिरांचा म्हणून नावाजला. आज तेथे मुलांचे तयार कपडे मोठ्या प्रमाणावर बनतात. हे कारागीर बहुतांशी मुस्लिम आहेत. तेथील उस्तागर, म्हणजे कारागिरांकडून काम करवून घेणारा मुख्य शिंपी, शेकडो नग एकदम कापतो आणि एकेक काम वेगवेगळ्या हातांना वाटून देतो.

अशा मालाशी साध्या झबल्याच्या भावात बरोबरी करू पाहणारी घरगुती शिलाई टिकणार नाही. भाव पाडायचा तर आपलीच मजुरी कापावी लागते. म्हणून कारखाने सहसा करत नाहीत तो माल निवडावा. कुंची, हाताने धावदोरा घातलेले दुपटे, नाव काढलेले टोपडे, कमी वजनाच्या बाळांसाठी लहान मापाची झबली आणि या सर्वांचा मिळून बाळंतविडा, ही आपली जागा आहे. आपल्याकडील बाळांचे जन्मवजन बहुधा अडीच ते तीन किलोंच्या आसपास असते. बाजारातील ‘न्यूबॉर्न’ मापाचा कपडा त्यांना अनेकदा ढगळ होतो. हे हेरून माप नेमके ठेवणाऱ्या कारागिराचा माल आजी-मावश्या लक्षात ठेवतात.

गिऱ्हाईक कोण आणि ते केव्हा येते?

बाळाच्या कपड्यांचे पहिले गिऱ्हाईक बहुधा बाळाची आई नसते. ती बाळंतिणीच्या खोलीत असते. खरेदीला नानी, खाला, फुफी येतात. मराठी हिंदू घरांत आजी, मावशी, आत्या येतात. शिवाय अनेक घरांत जन्मापूर्वी बाळासाठी नवे कपडे घेत नाहीत. त्यामुळे खरेदी होते ती जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, आणि तीही घाईने. मुस्लिम घरांत सहाव्या दिवशी छठी, सातव्या दिवशी अकीका. हिंदू घरांत बाराव्या दिवशी बारसे. "पंधरा दिवसांनी शिवून देते" असे सांगणाऱ्याकडे हे गिऱ्हाईक थांबत नाही. माल तयार हवा. फक्त नाव काढण्यासारखे काम ऑर्डरनंतर करावे आणि ते दोन दिवसांत हातात द्यावे.

दुसरा हंगाम ईदचा. बाळाच्या पहिल्या ईदचा जोड घरोघरी हौसेने घेतला जातो. ईद दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते, हे शिवताना ध्यानात ठेवावे. २०२६ ची रमजान ईद मार्चमध्ये, तर २०३० ची फेब्रुवारीच्या सुरुवातीस येते. म्हणजे येत्या वर्षांत ईदचा जोड थंडीच्या दिवसांत जात आहे; बिनबाह्यांच्या पातळ झबल्यांपेक्षा पुऱ्या बाह्यांचा आणि कानटोपीचा माल अधिक ठेवावा लागेल. दुकानदार ईदचा माल दोन-अडीच महिने आधी भरतात. रमजान लागल्यावर नमुना घेऊन जाणाऱ्याला "पुढच्या वर्षी या" हेच उत्तर मिळते.

आधी भाव मांडा

एका झबले-टोपड्याच्या जोडीचा हिशोब नमुन्यादाखल येथे देत आहोत. आकडे केवळ रीत समजण्यासाठी आहेत. वाचकांनी आपल्या गावचा भाव घालून तो पुन्हा करावा.

कापड अर्धा मीटर, ८० रुपये मीटरप्रमाणे ४० रुपये. दोरा, बंद आणि लेस ८ रुपये. कापणे, शिवणे, बंद लावणे आणि इस्त्री मिळून दीड तास. तासाला ५० रुपये धरल्यास मजुरी ७५ रुपये. पिशवी आणि चिठ्ठी ७ रुपये. यंत्राची झीज, वीज आणि खराब जाणारा माल यांसाठी १० रुपये. एकूण १४० रुपये. त्यावर पंधरा टक्के, म्हणजे २१ रुपये नफा धरला तर १६१ होतात. घाऊक भाव १६० रुपये ठेवावा.

दुकानदाराला भाडे, नोकर आणि न विकलेला माल सांभाळायचा असतो. तो १६० ला घेतलेली जोडी २४० च्या आसपास विकेल. म्हणून आपण स्वतः किरकोळीत विकतानाही २४० च्या खाली येऊ नये. आपल्याच दुकानदाराचे गिऱ्हाईक आपण १८० मध्ये पळवले, तर तो पुन्हा माल घेणार नाही. वरचे ८० रुपये हा फुकटचा नफाही नव्हे. बाजारात जाणे-येणे, स्टॉलचे भाडे, फोन आणि विकण्यात गेलेला वेळ त्यातूनच भागवायचा असतो.

पुष्कळ भगिनी मजुरीचे ७५ रुपये हिशोबात धरतच नाहीत. "वेळ घरचाच आहे," असे म्हणतात. मग ६५ रुपये खर्च मानून ९० ला माल देतात आणि २५ रुपये सुटल्याचा आनंद मानतात. वास्तविक दीड तासाच्या श्रमाचे ते २५ रुपये झालेले असतात. मोठी ऑर्डर आल्यावर शेजारणीला हाताशी घ्यावे लागते. तिला मजुरी द्यावीच लागते, आणि तेव्हा हा भाव कोसळतो.

भाव फारच चढा वाटला तर मजुरीचा दर कमी न करता वेळ कमी करावा. एकेक झबले कापण्याऐवजी सहा-सहा नग एकावर एक ठेवून कापावेत, सगळ्यांची एकच टीप एका बैठकीत मारावी, बंद एकदम तयार करून ठेवावेत. दीड तासाचे काम एका तासावर आले तर मजुरी ५० होते, एकूण खर्च ११५ वर येतो आणि घाऊक भाव १३२ रुपये बसतो. तरीही दुकानदार १०० वर अडला तर तो माल त्या दुकानासाठी नाही, असे समजून नमस्कार करून उठावे.

किरकोळ विक्री घराजवळून

पहिले पन्नास नग स्वतः विकावेत, असे आम्ही सुचवतो. यातून पैसे मिळतात ते मिळतातच. गिऱ्हाईक कोणता रंग उचलते, कोणते माप मागते, किंमत ऐकून कोठे थबकते, हे समजते. घाऊक खरेदीदारापुढे बसताना ही माहिती उपयोगी पडते. "साहेब, पन्नासात पांढऱ्या आणि पिस्ता रंगाचे पस्तीस गेले," असे सांगणाऱ्याचे म्हणणे दुकानदार कान देऊन ऐकतो.

सुरुवात प्रसूतिगृहाच्या आसपासच्या औषधांच्या आणि जनरल स्टोअर्सच्या दुकानांपासून करावी. तेथे घाईचे गिऱ्हाईक रोज येते. मोहल्ल्यातील सुईण, मालिशवाली, मेंदीवाली यांना नमुना दाखवून ठेवावा. कोणाच्या घरी बाळ येणार हे त्यांना आधी कळते. त्यांनी गिऱ्हाईक आणले तर ठरलेले कमिशन वेळच्या वेळी द्यावे. बचत गटांची प्रदर्शने, शाळांचे आनंदमेळावे, रमजानमधील रात्रीचे बाजार येथे एक टेबल पुरते. ‘उमेद’ अभियानातील गटांसाठी मुंबईत महालक्ष्मी सरस हे मोठे प्रदर्शन भरते. ग्रामीण भागातील गटांनी आपल्या तालुक्याच्या उमेद कार्यालयात त्याची चौकशी करावी.

मोबाइलवर विकताना मालाचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात, साध्या पांढऱ्या चादरीवर काढावे. सोबत माप, कापड, किंमत आणि पोहोचवण्याचा खर्च लिहावा. "भाव इनबॉक्समध्ये" असे लिहिल्याने निम्मे गिऱ्हाईक विचारायलाच येत नाही. पैसे हाती आल्याशिवाय पार्सल पाठवू नये.

घाऊक खरेदीदाराकडे जाताना

मुंबईचा क्रॉफर्ड मार्केट परिसर, पुण्याची रविवार पेठ आणि तुळशीबाग, नागपूरची इतवारी आणि गांधीबाग, कोल्हापूरजवळचे गांधीनगर, ही कापड आणि तयार कपड्यांची जुनी ठिकाणे आहेत. पण नवख्याने एकदम तेथे धाव घेऊ नये. आधी आपल्या जिल्ह्यातील बाळांच्या कपड्यांची दहा दुकाने निवडावीत. प्रत्येक दुकानात प्रथम गिऱ्हाईक म्हणून जावे. तेथे कुंची आहे का, दुपटे कितीला आहे, हातशिलाईचा माल वरच्या फळीवर आहे की कोपऱ्यात पडला आहे, हे पाहावे. जेथे आपल्यासारखा माल बरा भाव घेतो तेथेच नमुना न्यावा.

नमुन्यासोबत एक कागद हवा. त्यावर मालाचे नाव, मापे, कापड, डझनाचा घाऊक भाव, कमीत कमी किती घ्यावे, किती दिवसांत माल मिळेल आणि पैसे कसे द्यावेत, एवढे लिहावे. दुकानात सकाळी उघडण्याच्या वेळी किंवा दुपारी जावे. संध्याकाळच्या गर्दीत गल्ल्यापाशी उभे राहून बोलणे टाळावे. नमुन्याचा एक जोड ठेवून यावा आणि त्याच मालाचा दुसरा जोड आपल्याजवळ ठेवावा, म्हणजे पुढे "असा नव्हता" हा वाद उरत नाही.

होकार देण्यापूर्वी आपला आवाका तपासावा. दहा डझन जोड्या म्हणजे १२० नग. दीड तासाप्रमाणे १८० तास. दिवसाला पाच तास बसणाऱ्या एकीला ३६ दिवस लागतील. तिघी बसल्या तर १२. दुकानदाराने दहा दिवस दिले असतील तर सहा डझनच घ्यावेत आणि वेळेवर द्यावेत. उशिरा आलेली मोठी ऑर्डर शेवटची ठरते.

आता पैशाकडे पाहू. १२० जोड्यांचे बिल १९,२०० रुपये. यात कापड, दोरा आणि पिशवी मिळून रोख खर्च ६,६०० आणि मजुरी ९,००० रुपये. माल दिल्यावर पंचेचाळीस दिवसांनी पैसे मिळणार असतील, तर कापड घेतल्यापासून सुमारे दोन महिने ही रक्कम अडकते. म्हणून एक तृतीयांश, म्हणजे ६,४०० रुपये, आगाऊ मागावेत. त्यात कापडाचा खर्च जवळपास भागतो. आगाऊ मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. बाजाराची ती रीतच आहे.

उधारी आणि कायदा

‘विकले की पैसे’ या पद्धतीत माल आपला, जोखीम आपली आणि फळी दुकानदाराची असते. सुरुवातीला एखाद्या चांगल्या दुकानात असा माल ठेवावा लागला तर एक डझनाहून अधिक ठेवू नये. चलन दोन प्रतींत करून त्यावर नग, भाव, हिशोबाची तारीख आणि मळलेल्या मालाची भरपाई कोणी द्यायची, हे लिहून सही घ्यावी. सही द्यायला जो कचरतो, तो पैसे द्यायलाही कचरेल.

उद्यम नोंदणी २०२० पासून आधार क्रमांकावर आणि विनाशुल्क होते. माल बनवणाऱ्या लहान उद्योगाकडे ही नोंदणी असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचे संरक्षण मिळते. लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांहून जास्त मुदत घेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज देणे कायद्याने त्याच्यावर येते. आपण त्या व्याजाच्या मागे लागावे असे आम्ही सुचवत नाही. परंतु बिलावर उद्यम क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख छापलेली असली की मुद्दल वेळेवर मिळण्यास मदत होते.

जीएसटीची भीती अनेकांना असते. आपल्याच राज्यात माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असेल तर महाराष्ट्रात सामान्यतः नोंदणी बंधनकारक नाही. राज्याबाहेर माल पाठवायचा झाल्यास नियम वेगळे आहेत. तेव्हा कर सल्लागाराला विचारूनच पाऊल टाकावे. दर्जी कामाचा समावेश २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत आहे. तीत प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. पात्रतेची चौकशी जवळच्या सामायिक सेवा केंद्रात करावी.

माल असा की तक्रार येऊ नये

बाळाच्या कपड्यात एक तक्रार आली तरी दुकान तुटते. कापड कापण्यापूर्वी पाण्यातून काढून वाळवावे, म्हणजे खळ जाते आणि पुढे कपडा आटत नाही. रंगीत कापडाचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावा. रंग उतरला तर ते कापड बाळासाठी घेऊ नये. मणी, टिकल्या, सैल बटणे वापरू नयेत. बाळ ते तोंडात घालते. गळ्याशी लांब बंद ठेवू नयेत. शिवणीची कड आत दाबून दुहेरी टीप मारावी, म्हणजे ती कातडीला टोचत नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. साठवलेल्या मालात डांबरगोळ्या टाकू नयेत. काही बाळांच्या रक्तात जी-६-पी-डी या घटकाची जन्मजात कमतरता असते. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे घातले तर रक्तातील तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. माल कोरड्या जागी, बंद पिशवीत ठेवावा आणि "घालण्यापूर्वी एकदा धुवावे" अशी चिठ्ठी आत घालावी. त्याच चिठ्ठीवर माप, किंमत, आपले नाव-पत्ता आणि फोन असावा. पुढची ऑर्डर त्यावरूनच येते.

एकटीने की मिळून?

अहमदाबादेत गिरण्यांच्या चिंध्यांपासून गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या मुस्लिम भगिनींची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. व्यापारी चिंध्या देत आणि नगावर तुटपुंजी मजुरी देत. एला भट्ट यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या ‘सेवा’ संघटनेच्या साहाय्याने त्यांनी वाजवी मजुरी मागितली, तेव्हा काम देणेच बंद होऊ लागले. मग त्यांनी मिळून स्वतः चिंध्या विकत घेऊन माल शिवून विकायला सुरुवात केली आणि त्यातून ‘सबीना’ ही सहकारी संस्था उभी राहिली. मजुरी मागून मिळाली नाही, तेव्हा कच्चा माल आणि विक्री या दोन्ही बाजू त्यांनी स्वतःकडे घेतल्या.

आपल्याकडेही चार-पाच घरे एकत्र आली तर बरेच साधेल. कापड ताग्याने घेता येईल. एक कापेल, दोघी शिवतील, एक कशिदा करील आणि एक दुकाने फिरेल. दुकानदारालाही एकाच ठिकाणी झबल्यापासून दुपट्यापर्यंत सर्व मिळेल. हिशोबाची वही मात्र एकच असावी आणि ती सर्वांसमोर दर आठवड्याला वाचली जावी. पुष्कळ गट माल विकला न गेल्याने मोडत नाहीत, वही न वाचल्याने मोडतात.

त्या नणंद-भावजयींनी यंत्र विकले नाही. परत आलेला माल धुऊन, इस्त्री करून त्यांनी त्याचे बाळंतविडे बांधले आणि दोन प्रसूतिगृहांजवळच्या दुकानांत रोखीने दिले. भाव त्यांनी स्वतः सांगितला. एका दुकानदाराने नकार दिला, दुसऱ्याने एक डझन घेतले आणि तीन आठवड्यांनी पुन्हा मागवले. आता त्यांच्या भिंतीवर, यंत्राच्या वरच बाजूला, कापडापासून मजुरीपर्यंतचा हिशोब लिहिलेला कागद चिकटवलेला आहे. दुकानदाराचा फोन आला की भावजय आधी त्या कागदाकडे पाहते आणि मगच भाव सांगते. आमच्या ज्या भगिनी हे काम करतात त्यांनी आजच असा एक कागद लिहावा, एवढीच आमची विनंती आहे.